रास अल-गूल : देणारा तारा आणि घेणारा तारा

आकाशातल्या कितीतरी ताऱ्यांची नावे आजही अरबी आहेत. जगभरातले खगोलशास्त्रज्ञ अल्देबरान, रायगेल, वेगा, अल्ताईर म्हणतात, तेव्हा ते नकळत अरबीच बोलत असतात. या नावांमध्ये एक नाव थोडे भीतीदायक आहे, ते म्हणजे अलगोल. मूळ अरबी शब्द 'रास अल-गूल', म्हणजे गूलचे डोके. गूल म्हणजे वाळवंटात वाटसरूला रूप पालटून भुलवणारी पिशाच्चासारखी कल्पित वस्तू. आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात आणि उर्दू किस्स्यांत 'गूल-ए-बयाबानी' कधीतरी आलेली असतेच.

हा तारा खरोखरच रूप पालटतो. दर दोन दिवस, वीस तास आणि एकोणपन्नास मिनिटांनी त्याचे तेज मंद होऊ लागते. पाचेक तासांत ते नेहमीच्या तुलनेत एक तृतीयांशापेक्षाही कमी होते आणि पुढच्या पाच तासांत पुन्हा पूर्ववत होते. यासाठी दुर्बीण लागत नाही, साध्या डोळ्यांना दिसते. हे का होते, याचा शोध घेता घेता माणसाला ताऱ्यांच्या जन्म-मरणाचे एक मोठे कोडे सापडले. ते सुटले तेव्हा कळले की आकाशात असे कितीतरी जोडतारे आहेत, ज्यांतला एक तारा आपले शरीर थोडे थोडे करून दुसऱ्याला देत असतो, आणि घेणाऱ्या ताऱ्यापैकी काहींची नाडीसुद्धा आपल्याला मोजता येते. या महिन्यात आम्ही हीच हकिकत सांगणार आहोत.

नाव आले कुठून?

टॉलेमी या ग्रीक पंडिताने ययाती तारकासमूहाच्या चित्रात वीराच्या हातात एका राक्षसीचे कापलेले डोके दाखवले होते. त्याचा ग्रंथ अरबीत आला, तेव्हा अनुवादकांनी त्या राक्षसीसाठी आपल्याकडचा 'गूल' हा शब्द वापरला. इ.स. ९६४ च्या सुमारास इस्फहान येथे अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी ताऱ्यांवरचा आपला प्रसिद्ध सचित्र ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी टॉलेमीची यादी नुसती उतरवून घेतली नाही, तर प्रत्येक ताऱ्याची जागा व तेज स्वतः आकाशात पाहून तपासले. देवयानी तारकासमूहातला धूसर 'छोटा ढग', म्हणजे आजची देवयानी दीर्घिका, याची सर्वांत जुनी नोंदही त्यांच्याच ग्रंथात आहे. अलगोलच्या तेजातील चढउताराची स्पष्ट नोंद मात्र जुन्या अरबी ग्रंथांत मिळत नाही. युरोपात ती १६६७ च्या सुमारास इटलीच्या मोंतानारी यांनी केली. मराठीत या ताऱ्याला मायावती म्हणतात.

पुढे युरोपातल्या ज्योतिष्यांनी या नावाला धरून अलगोलला सर्वांत अशुभ तारा ठरवून टाकले. येथे दोन गोष्टींची आठवण आम्हाला आवश्यक वाटते. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चिरंजीव इब्राहीम यांचा इंतकाल झाला त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की या दुःखामुळेच ग्रहण झाले. प्रेषितांनी (स.) आपल्या शोकाच्या प्रसंगीही ही समजूत दुरुस्त केली. सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही, असे त्यांनी लोकांना सांगितले. दुसरी गोष्ट : सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये सफरची अशुभता आणि गूल या दोन्ही कल्पना नाकारल्या आहेत. सफर महिन्यात निकाह टाळणारी, 'तेरा तेजी'ला घाबरणारी घरे आजही आपल्या आसपास आहेत. 'गूल'च्या ताऱ्याची कहाणी त्यांनी अवश्य वाचावी, कारण या ताऱ्याच्या मंद होण्यामागे ग्रहणाचाच साधा हिशेब निघाला.

यॉर्कचा मुलगा

तो हिशेब मांडणारा जॉन गुडरिक अठरा वर्षांचा होता. त्याचा जन्म १७६४ चा. लहानपणीच्या आजारात त्याची श्रवणशक्ती गेली. त्या काळात बहिऱ्या मुलाला शिकवता येते, यावरच बहुतेकांचा विश्वास नव्हता. पण त्याच्या आईवडिलांनी त्याला स्कॉटलंडमधील एडिनबरा येथे थॉमस ब्रेडवुड यांच्या शाळेत पाठवले. ब्रिटनमधली बहिऱ्या मुलांसाठीची ती पहिली शाळा मानली जाते. तिथून तो वॉरिंग्टनच्या विद्यालयात ऐकू येणाऱ्या मुलांबरोबर शिकला आणि गणितात पुढे निघाला.

१७८१ मध्ये तो इंग्लंडच्या यॉर्क शहरात आईवडिलांजवळ राहायला आला. शेजारी एडवर्ड पिगट हा तरुण राहत असे. त्याला आकाशाचा नाद होता आणि घरात चांगली उपकरणे होती. दोघांची मैत्री जमली. १२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री गुडरिकने अलगोल मंद झालेला पाहिला. आपल्या डोळ्यांवर त्याचा विश्वास बसेना. मग रोज रात्री तो खिडकीतून शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून अलगोलच्या तेजाची नोंद करू लागला. काही महिन्यांत त्याच्या लक्षात आले की हे मंद होणे घड्याळासारखे नियमित आहे.

मे १७८३ मध्ये त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. कारण म्हणून त्याने दोन शक्यता मांडल्या : एक तर अलगोलभोवती एखादा मोठा गोल फिरत असून तो मधूनमधून आड येत असावा, किंवा ताऱ्याच्या अंगावर काळे डाग असावेत. त्याच वर्षी सोसायटीने त्याला मानाचे कोपली पदक दिले.

गुडरिक तेवढ्यावर थांबला नाही. १७८४ च्या सप्टेंबरात त्याने स्वरमंडल तारकासमूहातल्या शेलियाक या ताऱ्याचे तेज बदलताना टिपले. हे नावही अरबीतूनच आलेले. पुढच्याच महिन्यात त्याने वृषपर्वा तारकासमूहातला 'डेल्टा' नावाचा तारा बदलता आहे, हे ओळखले. एप्रिल १७८६ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य निवडला गेला आणि काही दिवसांतच, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मरण पावला.

हे तीन तारे आपण लक्षात ठेवू. अलगोलमध्ये ग्रहण होते. शेलियाकमध्ये एक तारा दुसऱ्याला आपले द्रव्य देतो. आणि वृषपर्वातला तारा स्पंदतो, म्हणजे छातीसारखा फुगतो आणि आकसतो. आज ज्या ताऱ्यांवर जगभर संशोधन चालू आहे, त्यांच्यात या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आढळतात.

एक कोडे

गुडरिकची पहिली शक्यता खरी ठरली, पण त्यासाठी शंभर वर्षे जावी लागली. १८८९ मध्ये जर्मनीतल्या पोट्सडाम येथे हेर्मान फोगेल यांनी अलगोलच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला. तारा कधी आपल्याकडे येतो, कधी दूर जातो, हे त्यातून दिसले. म्हणजे तो खरोखरच कोणाभोवती तरी फिरत होता.

आज आपल्याला या जोडीची मापे माहीत आहेत. ती आपल्यापासून सुमारे ९० प्रकाशवर्षांवर आहे. त्यातला तेजस्वी निळसर-पांढरा तारा आपल्या सूर्याच्या तिपटीहून थोडा अधिक वजनदार आहे. दुसरा नारिंगी आणि मंद, सूर्याच्या सुमारे सात-दशांश वजनाचा, पण आकाराने सूर्याच्या साडेतीन पट फुगलेला. दोघांमधले अंतर साधारण एक कोटी किलोमीटर. पृथ्वी आणि सूर्य यांच्यात पंधरा कोटी किलोमीटरचे अंतर आहे, त्यावरून ही जवळीक कळावी. या जोडीभोवती तिसराही एक तारा आहे, त्याला एक फेरा घालायला दोन वर्षांच्या आत-बाहेर लागतात. मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या आड आला की आपल्याला अलगोल विझू लागलेला दिसतो.

मापे मिळाली आणि शास्त्रज्ञ अडचणीत आले. ताऱ्यांचा एक पक्का नियम आहे : जो तारा जास्त वजनदार, तो लवकर म्हातारा होतो. त्याच्याकडे इंधन जास्त असते हे खरे, पण तो ते कितीतरी वेगाने जाळतो. सूर्याला आपले हायड्रोजनचे इंधन सुमारे एक हजार कोटी वर्षे पुरेल. सूर्याच्या तिप्पट वजनाच्या ताऱ्याला ते पन्नास कोटी वर्षेही पुरत नाही. म्हातारा होऊ लागलेला तारा फुगतो आणि बाहेरून थंड होतो.

आता अलगोलकडे पाहा. दोन्ही तारे एकत्र जन्मलेले, म्हणजे वय सारखे. तरीही वजनदार तारा अजून तरुण आणि हलका तारा म्हातारा होऊन फुगलेला! मोठ्या भावाच्या तोंडावर मिसरूड फुटावी आणि धाकट्याची दाढी पांढरी व्हावी, तसा हा प्रकार. ही गोष्ट किरकोळ नव्हती. अलगोल नियमाबाहेर असेल तर ताऱ्यांचे वय मोजण्याची आपली सारी रीतच संशयात येत होती. आणि अलगोलसारख्या जोड्या एक-दोन नव्हे, पुष्कळ सापडत होत्या.

देणे आणि घेणे

१९५५ मध्ये जॉन क्रॉफर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाने उत्तर सुचवले : आज जो हलका आहे, तो जन्मतः हलका नव्हताच.

जोडीतल्या प्रत्येक ताऱ्याभोवती एक अदृश्य सीमा असते. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच गणिती एदुआर रोश यांच्या नावाने ती ओळखली जाते. सीमेच्या आतले द्रव्य त्या ताऱ्याचे. दोन्ही ताऱ्यांच्या सीमा एका बिंदूपाशी मिळतात. दोन शेतांच्या बांधावर पाणी जाण्यासाठी एकच मोरी असावी, तसा तो बिंदू समजा. अलगोलमधला जो तारा सुरुवातीला वजनदार होता, तो नियमाप्रमाणे आधी म्हातारा होऊ लागला, फुगला आणि फुगता फुगता आपल्या सीमेपर्यंत पोहोचला. आणखी फुगायला जागा नव्हती. मग त्याच्या बाहेरच्या थरांतला वायू त्या बिंदूतून शेजाऱ्याकडे वाहू लागला.

देणारा हलका होत गेला, घेणारा जड होत गेला. असे करता करता दोघांची वजने उलटी झाली. म्हातारा तारा म्हाताराच राहिला, पण त्याच्याकडे थोडेच वजन उरले. तरुण शेजारी मात्र मिळालेल्या वायूने भरदार झाला. नियम मोडला नव्हता, मधल्या काळातला व्यवहार आपल्याला माहीत नव्हता. पुढे १९६० च्या दशकात गणकयंत्रांवर ताऱ्यांच्या जोड्यांचे आयुष्य मांडून पाहिले गेले आणि ही देवघेव तशीच होते, हे स्पष्ट झाले.

या व्यवहाराचा परिणाम घड्याळावरही दिसतो. वजनदार तारा हलक्याला देतो, तेव्हा दोघे जवळ येतात आणि फेरा लवकर पूर्ण होतो. वजने उलटल्यावर हलका तारा जडाला देऊ लागतो, तेव्हा दोघे दूर सरकतात आणि फेऱ्याला लागणारा वेळ वाढतो. गुडरिकच्या शेलियाकमध्ये हे आजही चालले आहे. त्याचा तेरा दिवसांना थोडा कमी असलेला फेरा दरवर्षी सुमारे १९ सेकंदांनी लांबतो. तिथे देवघेव इतकी वेगाने होते की सुमारे ५० हजार वर्षांत एका सूर्याएवढे द्रव्य एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जावे. घेणारा तारा तर वायूच्या जाड चकतीत जवळजवळ झाकून गेला आहे.

ताऱ्याची नाडी

आता स्पंदनाकडे येऊ. काही तारे ठराविक तालात फुगतात आणि आकसतात. असे का होते? भातावर ठेवलेले झाकण आठवा. वाफ कोंडली की झाकण उचलले जाते, वाफ निघून जाते, झाकण पुन्हा बसते, वाफ पुन्हा कोंडते. काही ताऱ्यांच्या पृष्ठभागाखाली हेलियमचा एक थर हेच काम करतो. तारा आकसला की हा थर आतून येणारी उष्णता जास्त अडवून धरतो. दाब वाढतो आणि तारा फुगतो. फुगल्यावर थर थंड होऊन उष्णता सोडून देतो, तारा पुन्हा आकसतो. चूल पेटलेली आहे तोवर हा ताल चालू राहतो.

वृषपर्वातल्या त्या ताऱ्याचा ताल सुमारे ५.३७ दिवसांचा आहे. अशाच ताऱ्यांवरून अमेरिकेतल्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले की ताल जितका संथ, तितका तारा मुळात जास्त तेजस्वी. या एका नियमामुळे दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजता येऊ लागली. लेव्हिट यांनाही आजारपणानंतर फारसे ऐकू येत नसे, हे येथे सांगितले पाहिजे.

सूर्याच्या दीड ते अडीच पट वजनाचे काही तारे मात्र फार भराभर स्पंदतात. काहींचा ताल काही तासांचा, तर काहींचा अर्ध्या तासाच्याही आतला. आणि अलगोलसारख्या जोड्यांत घेणारा तारा पुष्कळदा नेमका याच वजनाचा असतो. अलगोलमधला तारा यासाठी जास्त तप्त आहे, पण त्याच्या जातीच्या इतर जोड्यांत अशी स्पंदने सापडली. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डेव्हिड म्कर्तिचियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ताऱ्यांचा वेगळा वर्गच मानावा, असे सुचवले. मराठीत त्यांना 'स्पंदणारे ग्रहणी तारे' म्हणता येईल.

यातला सर्वांत अभ्यासलेला तारा शर्मिष्ठा तारकासमूहात आहे. त्याला आर-झेड शर्मिष्ठा म्हणू. या जोडीचा फेरा एक दिवस आणि पावणेपाच तासांचा. त्यातल्या तरुण ताऱ्याची नाडी दर २२ मिनिटांनी पडते, हे जपानी निरीक्षकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ओळखले. त्या ठोक्याने तेजात पडणारा फरक एक-दोन टक्क्यांचाच. साध्या डोळ्यांना तो कधीच कळणार नाही.

एकाच जोडीत ग्रहण आणि नाडी दोन्ही मिळाले म्हणजे शास्त्रज्ञाला दोन साक्षीदार मिळतात. ग्रहणावरून ताऱ्यांचे वजन आणि आकार कळतो. नाडीवरून आतली रचना कळते, जसे भूकंपाच्या लाटांवरून पृथ्वीच्या पोटातले कळते. शिवाय ग्रहण लागताना मंद तारा स्पंदणाऱ्या ताऱ्याचा एकेक भाग झाकत जातो. त्यामुळे कोणता भाग कसा हलतो, हेही ताडून पाहता येते.

तिसरी साक्ष देवघेवीची. आर-झेड शर्मिष्ठामध्ये ती एकसारखी होत नाही. २००१ आणि २००६ या दोन वर्षांचे वर्णपट ताडून पाहिले, तेव्हा २००१ च्या सुमारास वायूचा एक मोठा लोंढा वाहून गेल्याचे दिसून आले. नाडीचा जोरही या काळात बदलला होता. देणाऱ्या ताऱ्याच्या अंगावर सूर्यावर असतात तसे चुंबकीय डाग येतात-जातात, आणि तेच या वायूचा नळ कमी-जास्त करतात, असे संशोधक मानतात. म्हणजे एका ताऱ्याच्या चुंबकत्वाचा परिणाम दुसऱ्या ताऱ्याच्या नाडीवर उमटतो. २०१८ मध्ये अवकाशात गेलेली नासाची 'टेस' ही दुर्बीण अशा हजारो ताऱ्यांचे तेज सलग कित्येक आठवडे मोजते, आणि तिच्या नोंदी जगातल्या कोणालाही मोफत पाहता येतात.

आपल्या जवळचा धागा

ग्रहणी ताऱ्यांच्या अभ्यासाशी आपल्या भागाचाही संबंध आहे. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्या काळात, १९०१ मध्ये, नवाब जफर जंग यांनी हैदराबादेत वेधशाळा उभारली आणि पंधरा इंची दुर्बीण आणवली. तीच पुढे निजामिया वेधशाळा म्हणून नावारूपाला आली व उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. विद्यापीठाने १९६८ मध्ये जापाल-रंगापूर येथे ४८ इंची दुर्बीण बसवली. प्रा. के. डी. अभ्यंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जोडताऱ्यांवर वर्षानुवर्षे काम केले. एका नवाबाच्या हौसेतून सुरू झालेले काम असे अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडले.

मुलांना दाखवा

डिसेंबरमध्ये ईशाच्या नमाजनंतर, साधारण नऊच्या सुमारास, गच्चीवर जाऊन उत्तरेकडे तोंड करा आणि मान बरीच वर करा. डाव्या हाताला इंग्रजी 'एम'सारखी शर्मिष्ठा दिसेल. उजवीकडे वर ताऱ्यांचा बारीक झुपका दिसेल, ती कृत्तिका. आपल्या घरांत मुलींचे 'सुरैया' हे नाव ठेवतात, ते याच झुपक्याचे. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात ययाती आहे. त्यातला सर्वांत ठळक तारा मिरफाक, म्हणजे कोपर. त्याच्या खालोखाल तेजस्वी तो अलगोल.

रोज त्याची तुलना देवयानीतल्या आल्माक या जवळच्या ताऱ्याशी करायला मुलांना सांगा. एरवी दोघे जवळजवळ सारखे दिसतात. ज्या रात्री अलगोल स्पष्टपणे मंद दिसेल, त्या रात्रीची वेळ वहीत लिहून ठेवा. हिशेब सोपा आहे. समजा १० तारखेला पहाटे २ वाजता तो सर्वांत मंद होता. पुढची वेळ १२ तारखेला रात्री १० वाजून ४९ मिनिटांची. त्यानंतरची १५ तारखेला संध्याकाळी ७ वाजून ३८ मिनिटांची. मुलांनी आधी हिशेब करावा आणि मग आकाशाकडे पाहून तो पडताळावा. यॉर्कच्या त्या मुलाने हेच केले होते.

आणि आपल्या ओळखीत ऐकू न येणारे एखादे मूल असेल, तर त्याला या खेळातून वगळू नका. 'याला काय कळणार' असे म्हणून अशा मुलांना घरात बसवून ठेवल्याची उदाहरणे आम्हाला वरचेवर ऐकायला मिळतात. कधी पैशाची अडचण असते, कधी लाज, कधी नुसती माहिती नसते. गुडरिकच्या आईवडिलांनी ज्या काळात मुलाला शाळेत घातले, त्या काळात अशी एखाद-दुसरीच शाळा होती. आज खास शाळा आहेत, श्रवणयंत्रे आहेत, खुणांची भाषा शिकवणारी माणसे आहेत, सरकारी सवलतीही आहेत. त्यासाठी चौकशी करायला घरातल्या कोणीतरी उठून जायला हवे, आणि जितक्या लहान वयात जावे तितके बरे.